दाराबाहेरची अज्जी

ऑनलाइन व्याख्यानमालेसाठी आमच्या वाचनालयाच्या सहा जणांना तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. चार संध्याकाळी घसा कोरडा करून जे शिकवले, त्याचे फळ मला परवाच्या रंगीत तालमीत मिळाले. मीच अर्ध्या तासाहून अधिक काळ दाराबाहेर ताटकळत राहिलो.

झूमच्या मोफत खात्यात सह-यजमान नेमता येत नाही आणि सभा 40 मिनिटांत आपोआप बंद पडते. सशुल्क खाते घ्या, असे मी कार्यकारिणीला दोनदा विनवले होते; निधी नाही, असे उत्तर आले. त्यामुळे यजमानपद, म्हणजे बाहेर थांबलेल्यांना सभेत घेण्याचे काम, एकट्या तात्यांकडे गेले. तात्यांनी हयात निपाणीच्या गाडीवर वाहक म्हणून काढली असल्यामुळे विनातिकीट माणूस त्यांना वासावरून कळतो.

तालमीच्या तोंडावर वडगावात वीज गेली, लॅपटॉपने मान टाकली, माझा फोन आधीच मेलेला होता. शेजारच्या कानडी काकूंचा फोन मागून आणला. त्यावर नातवाने त्यांचे नाव कानडी अक्षरांत ‘अज्जी’ असे घालून ठेवले होते आणि आत जाण्यापूर्वी ते बदलावे हे मला सुचले नाही, जरी तोच धडा मी पहिल्या संध्याकाळी दिला होता. दार उघडेना, तेव्हा त्याच फोनवरून तात्यांना फोन लावला.

“तात्या, बाहेर अज्जी उभी दिसते ना, तिला आत घ्या.”

“कुणाची अज्जी?”

“ती मीच आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “आवाज बाप्याचा, नंबर अनोळखी. आत घ्यायला येत नाही. ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं आमच्या सरांनी बजावलंय.”

“ते सर मीच हो!”

“मग सांगा बघू, उद्घाटनाला किती कुंदा ठरलाय?”

“अर्धा किलो.”

“पाऊण,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खात्याला निधी नसताना कुंदा पाव किलोने वाढला होता, आणि तोही मला न विचारता! 1946 साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या मांडवाच्या दारावर तात्यांसारखा कोणी असता, तर ठराव मांडणारेही बाहेरच राहिले असते, असा विचार मी काकूंच्या ओसरीवर डास मारत करत होतो.

अखेर काकूंनीच फोन हातात घेतला आणि तात्यांना कानडीतून दोन वाक्ये सुनावली. तात्या एकदम नरमले. “बर्री अम्मा, बर्री,” असे आर्जवाने म्हणत त्यांनी दार उघडले, तेव्हा अडतिसावे मिनिट चालू होते. पडद्यावर माझा चेहरा उमटताच ते संशयाने पुढे वाकले.

“अज्जी कुठं गेल्या?” त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, आणि मी तोंड उघडेपर्यंत सभा संपली.