हे काय, हितंच!

सातारकराला अंतर विचारू नये. ‘हे काय, हितंच’ एवढं एकच माप त्याच्याकडे असतं. त्यात कोपऱ्यावरची पिठाची गिरणीही बसते आणि अजिंक्यताराही.

आदल्या रात्री सासुरवाडीला मटण-भाकरी झाली होती. त्या घरात जावयाची वाटी रिकामी दिसली की सासूबाईंना अपमान वाटतो, म्हणून मी कुणाचाही अपमान होऊ दिला नव्हता. पहाटे पावणेसहाला दारावर टकटक. “जावईबापू, उठा की. किल्ल्यावर पाय मोकळे करून येऊ. सोपं आहे, ल्हान पोरं जात्यात.”

सासरे एकाहत्तर वर्षांचे. कानटोपी, रबरी चप्पल आणि कुत्र्यांसाठी एक काठी एवढाच त्यांचा सरंजाम. माझ्या पायात खास डोंगर चढायचे म्हणून घेतलेले बूट. आजवर ते सोसायटीच्या लिफ्टमध्येच चढले होते.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की अजिंक्यतारा अगदी अंगावर येतो. वरच्या मनोऱ्याकडे बघून वाटतं, हात लांबवला तर लागेल. खरं तर वरपर्यंत बरा डांबरी रस्ता आहे. पण रस्त्यानं जाणं म्हणजे पाहुणेपणा, म्हणून सासऱ्यांनी मधली वाट धरली. ही वाट वळणंबिळणं काही घेत नाही. जिन्यासारखी उभी, फक्त पायऱ्या नाहीत. पाचव्या मिनिटाला माझ्या छातीत भाता सुरू झाला. रात्रीची भाकरी जिथल्या तिथं जागी झाली. सासरे पुढून विचारत होते, “येताय न्हवं?” ‘हो’ म्हणायलाही श्वास लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात एक शोध लागला. “हा किल्ला बांधला कुणी?” असं मी सहज विचारलं, आणि सासरे थांबले! त्यांना चालता चालता इतिहास सांगता येत नाही. काठी जमिनीत रोवून, उजवा हात मोकळा करून, उभं राहूनच तो सांगावा लागतो. “शिलाहारांचा दुसरा भोज. 1190 च्या सुमारास.” एवढ्यात माझे चार श्वास झाले. पण शिलाहार फार लवकर आटोपले.

पुढच्या चढाला मी शिवाजी महाराज काढले. 1673 साली किल्ला स्वराज्यात आला, आणि पुढे महाराज आजारी असताना इथं विश्रांतीला होते, हे कळलं. ‘विश्रांती’ या शब्दावर मी त्यांना बराच वेळ घोळवलं.

पण खरा आधार दिला तो औरंगजेबानं. डिसेंबर 1699 मध्ये तो स्वतः वेढा घालून बसला आणि किल्ला हाती यायला एप्रिल 1700 उजाडला. सगळी फौज, तोफा, खजिना घेऊन आलेल्या बादशहाला वर यायला साडेचार महिने लागले, आणि मला हे गृहस्थ म्हणत होते पाऊण तास पुष्कळ! मी एका दगडावर चक्क बसलो आणि म्हटलं, “सुरुंगाचं काय झालं हो?”

काठी वर गेली. पहिला सुरुंग उडाला, तट कोसळला, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले! दुसरा उडाला तो उलटा, बाहेरच्या मोगलांवरच. तट कसा पडला हे दाखवताना सासऱ्यांची कानटोपी उडाली. ती शोधण्यात आणखी दोन मिनिटं मिळाली. तेवढ्यात नऊवारीतल्या एक आजी दुधाची रिकामी किटली घेऊन आमच्या शेजारून वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही.

दरवाजा आला तेव्हा त्या दगडी बुरुजाला मी मिठीच मारली. सासऱ्यांना वाटलं, भक्ती. आत मारुती, मग मंगळाई, मग तळी, आणि ताराबाईंच्या वाड्याचे पडके जोते. त्यातून गवत गुडघाभर वाढलेलं. मोगलांनी ‘आझमतारा’ म्हणून ठेवलेलं नाव पुसून ‘अजिंक्यतारा’ केलं ते याच बाईंच्या माणसांनी किल्ला परत घेतल्यावर. इथं मात्र मी काही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

कडेला आलो. खाली सातारा धुरकट दुलईत झोपलेला, कुठंतरी दूधवाल्याचा हॉर्न. पश्चिमेला यवतेश्वर, उत्तरेला चंदन-वंदन, नैऋत्येला सज्जनगड. सासऱ्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. दोन कंदी पेढे, थोडे चेपलेले. एक मला दिला. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग त्यांनी काठीनं खाली दाखवलं, “त्यो आपला पत्रा. निळा.” एवढ्या मोठ्या गावात त्यांना आपला पत्रा बरोबर सापडला होता.

घरी आल्यावर त्यांनी ओसरीवरूनच जाहीर केलं, “जावईबापूंना इतिहासाची लई आवड! शाहूमहाराजांचं राहिलंच सांगायचं. उद्या सज्जनगड, तिकडं सांगतो.”

बायको चहा ओतत होती. हळूच म्हणाली, “सुरुंगाशी बसलास ना?”

“तुला कसं कळलं?”

“तो दगड माझा आहे. पाचवीपासून.”