एक स्टार देणाऱ्या साहेबांना, वायपरबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय काल रात्री शटर ओढताना वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारची पुढची काच आम्ही बदलली. त्यानंतर बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात धुकं आणि झिमझिम असताना ऑटोवरचे, म्हणजे पाऊस ओळखून आपोआप चालायचे, वायपर हललेच नाहीत, आणि दोन दिवसांनी संकेश्वरच्या पुढे हायवेवर लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, कर्रकर्र करत फिरले. फोन केलात तर आमच्याकडून "सेटिंग बघा" म्हणून सांगितलं गेलं. काच डुप्लिकेट आहे असं तुम्हाला वाटतं, आणि पाऊस ओळखणारा मूळ सेन्सर आम्ही काढून ठेवून दुसरा बसवला असाही संशय आहे.

यात आमची एक चूक आहे, ती आधी सांगतो. काचेसोबत सेन्सरचं जेल पॅड बदलायला हवं होतं, आणि मी जुनंच लावायला सांगितलं. काच पुण्याहून यायला नऊ दिवस लागले होते, पॅड त्या खोक्यात आलं नव्हतं, तुम्हाला शनिवारी गोव्याला जायचं होतं. जुनं पॅड बरं दिसत होतं. फिटरने मला विचारलं होतं, मी "चालतंय की" म्हणालो. त्यामुळे त्याला बोल लावू नका, तो निर्णय माझा.

आता हे पॅड काय भानगड आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं की काचेच्या बाहेर कुठेतरी पाणी लागल्यावर कळणारा तुकडा असतो, नाहीतर आरशामागे कॅमेरा पावसाकडे बघत बसलेला असतो. टेस्लासारख्या काही गाड्या खरंच कॅमेऱ्यावरून पाऊस ओळखतात. तुमची तशी नाही. तुमच्या गाडीत आरशामागे, काचेच्या आतल्या बाजूला, डबीएवढा सेन्सर चिकटवलेला आहे. त्यात इन्फ्रारेड प्रकाशाचे एलईडी असतात. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. तो काचेत तिरका घुसतो, बाहेरच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत सेन्सरमध्ये येतो. तिथे किती परत आला ते फोटोडायोड मोजतो. सेन्सर पाऊस बघत नाही, पाणीही बघत नाही. पाठवलेला उजेड परत किती आला एवढाच त्याचा हिशोब.

घरी करून बघण्यासारखं आहे. काचेचा पेला पाण्याने भरा, कोरड्या बोटांनी बाजूने धरा आणि वरून, पाण्यातून, पेल्याच्या भिंतीकडे तिरकं बघा. भिंत चांदीच्या वर्खासारखी चमकते आणि पलीकडची बोटं दिसत नाहीत. आता बोटं ओली करून दाबून धरा. ओलं बोट जिथे टेकलं तिथे ते एकदम दिसायला लागतं, ठशांच्या रेषांसकट. माझ्या मुलीला हे शाळेत कुणी दाखवलं नव्हतं; मी दाखवलं तेव्हा तिने घरातले सगळे पेले ओट्यावर मांडले.

तेच तुमच्या काचेत चालतं. काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजलं तर साधारण ४२ अंशांपेक्षा तिरका आलेला प्रकाश काचेतून हवेत जात नाही, सगळाच्या सगळा आत परततो. पलीकडे हवेऐवजी पाणी असेल तर ही हद्द ६२ अंशांच्या पुढे सरकते. सेन्सरचा प्रकाश ४५ अंशांच्या आसपास सोडलेला असतो. काच कोरडी असेल तर तो पूर्ण परत येतो. थेंब बसला की तेवढ्या जागेतून बाहेर निसटतो. जास्त थेंब, कमी परतफेड, वायपर जोरात. बस्स. एवढ्या महागड्या गाडीत एवढंच असतं म्हटलं की लोक नाराज होतात, पण मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. सित्रोएनने १९७० साली आणलेल्या एसएम गाडीत तर प्रकाशही नव्हता. वायपरच्या मोटरवर किती ताण येतो त्यावरून काच ओली की कोरडी हे ठरवायचे, कारण कोरड्या काचेवर रबर अडतं.

आता पॅड. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये हवेची फट राहिली तर प्रकाश काचेत शिरतानाच विस्कटतो, म्हणून मध्ये सिलिकॉनचं पारदर्शक मऊ पॅड असतं. ते दोन्हीकडे चिकटून बसलं पाहिजे, बुडबुडा एकही नको. जुनं पॅड एकदा काचेवरून सोललं की त्याच्यावर धूळ आणि बोटांचं तेल बसतं, दुसऱ्यांदा ते तसं चिकटत नाही. तुम्ही टाकलेला पहिला फोटो मोठा करून बघा. बाहेरून काढलाय, आरशामागे हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन पांढुरके ठिपके दिसतात. ते बुडबुडे आहेत. तुमच्याच फोटोने आम्हाला पकडलं.

काच बसवल्यावर आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावून सेन्सरला नवी काच शिकवली होती. म्हणजे "कोरडी काच अशी असते" हे त्याच्या डोक्यात भरायचं. पण बुडबुडे तेव्हाच असतील तर तो चुकीचा शून्य शिकला. भाजीवाल्याने पारड्यात आधीच बटाटा ठेवून काटा शून्य केला तर पुढची सगळी वजनं चुकणार, तसं. गाडी उन्हात तापली, बुडबुडा फुगला, परत येणारा प्रकाश अजून घटला, सेन्सर म्हणाला पाऊस आला. संकेश्वरला असंच झालं असणार. आणि घाटातल्या गारव्यात बुडबुडा आकसला तर प्रकाश नेहमीपेक्षा जास्त परत येतो. मग थोडंसं पाणी पडून तो घटला तरी सेन्सर म्हणतो, कोरडंच आहे. हा माझा अंदाज आहे, गाडी समोर आल्यावर स्कॅनरवर आकडे बघून पक्कं सांगेन.

पण घाटातला सगळा दोष मी अंगावर घेणार नाही.

तुमच्या दुसऱ्या फोटोत काचेवर पाणी मोत्यांसारखं गोल गोल उभं आहे. नव्या काचेवर पाणी तसं उभं राहत नाही, ते पसरतं. म्हणजे आमच्याकडून गाडी नेल्यावर काचेवर पाणी झटकणारं कोटिंग मारून घेतलंय. कोटिंग वाईट नाही, रात्री बरं दिसतं. पण थेंब गोल झाला की काचेला फार थोडा टेकतो. जेवढा टेकतो तेवढ्याच जागेतून प्रकाश निसटतो. आणि तुमच्या गाडीची काच इतकी आडवी आहे की जरा वेग धरला की ते मोती वर पळून जातात. सेन्सरला दिसायच्या आत छपरावर. त्याचा आवाका मोठा नसतो, काचेचा चार-पाच चौरस सेंटीमीटरचा तुकडा तो बघतो. बाकी सगळ्या काचेवर पाट वाहत असेल तरी त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

चोर्ल्याचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. पिरनवाडी सोडून जांबोटीकडे लागलात की साधा पाऊस असतो, कणकुंबीपर्यंत तो तरणा होतो, आणि घाटात तो पाऊस नसतोच, ढगच रस्त्यावर बसलेला असतो. त्या धुक्याचे कण इतके बारीक की साध्या काचेवरसुद्धा सेन्सर गोंधळतो. थोडं थोडं पाणी साठतं, समोरचं दिसेनासं होतं, आणि सेन्सरला वाटतं अजून काही झालं नाही. कोटिंगवाल्या काचेवर तर विचारूच नका. मी स्वतः कणकुंबीच्या पुढे ऑटोवर विसंबत नाही, स्टीअरिंगजवळची वायपरची दांडी ओढून हाताने चालवतो. नवीन पॅड लावल्यावरही तुम्हाला तेच सांगेन.

काच डुप्लिकेट नाही. कोपऱ्यावरचा छाप बघा, आणि आरशामागे काळ्या पट्टीत जी स्वच्छ चौकट सोडलेली आहे ती बघा. उष्णता अडवणाऱ्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो, तो इन्फ्रारेडही अडवतो. म्हणून सेन्सरसाठी तेवढी जागा मोकळी ठेवावी लागते. चुकीची काच असती तर तुमचा सेन्सर धुक्यातच नव्हे, ढगफुटीतही गप्प बसला असता.

सेन्सर बदलल्याची गोष्ट मात्र मनाला लागली, हे लपवत नाही. काम सुरू करायच्या आधी तुमच्या समोर जॉब कार्डवर सेन्सरच्या लेबलचा फोटो जोडला होता. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही तो गेलाय. लेबलवरचा नंबर आणि आता गाडीत असलेल्या सेन्सरचा नंबर, दोन्ही तुम्हीच जुळवा. जुळले नाहीत तर हे दुकान तुमचं. जुळले तर ते एक वाक्य तेवढं काढा, बाकी एक स्टार राहू दे, तो पॅडसाठी बरोबर आहे.

फोनबद्दल. "सेटिंग बघा" म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते म्हणायची पद्धत चुकली. दांडीवरची संवेदनशीलतेची चकती सगळ्यात खालच्या खुणेवर असेल तर वायपर उशिरा जागे होतात, आणि काही गाड्यांत गाडी बंद-चालू केली की ऑटो पुन्हा द्यावं लागतं. पण ते समजावून सांगायचं असतं. फोनवर माझा पुतण्या होता, त्याला दुपारी तीन गाड्या होत्या. कारण सांगतोय, सबब नाही.

पुढचं असं. नवं पॅड कालच कुरिअरने मागवलंय, बुधवारपर्यंत येईल. काच काढायची गरज नाही, काच चिकटवलेल्या गमला हात लावायचा नाही. सेन्सर सोडवून जुनं पॅड काढायचं, काच स्पिरिटने पुसायची, नवं पॅड एका बाजूने हळू टेकवत बसवायचं, मग स्कॅनरवर कोरडी काच पुन्हा शिकवायची आणि फवारणीच्या बाटलीने पाणी मारून बघायचं. तासाभराचं काम, पैसे लागणार नाहीत. तुम्ही समोर बसून बघा. सेन्सरच्या चौकटीसमोरचं बाहेरचं कोटिंग तेवढ्या तुकड्यापुरतं घासून काढावं असा माझा सल्ला आहे, पण काच तुमची, तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही. कोटिंग कोणतं ते कळलं तर बरं, म्हणून बाटली असेल तर घेऊन या.

आम्ही उद्यमबागेत आहोत ते तुम्हाला माहीतच आहे. रविवारी बंद असतं, बाकी सकाळी साडेनऊपासून.

आणि एक काम करा. गेटमधून आत येण्याआधी वायपर ऑटोवरून काढा. गेल्या पावसाळ्यात आमचं एक पोरगं ओलं फडकं घेऊन काच पुसायला वाकलं होतं. फडकं नेमकं सेन्सरवरून गेलं, आणि वायपरने त्याच्या मनगटावर अशी थप्पड मारली की अजून कुठलीही गाडी आली की तो आधी ड्रायव्हरला विचारतो, "ऑटोवर हाय काय?"