दोन व्याही, दोन कवळ्या

व्याह्या-व्याह्यांमध्ये पूर्वी मानपानावरून चढाओढ चाले. आमच्यात ती दातांवरून आहे. माझे आणि नागपूरच्या आमच्या व्याह्यांचे खालच्या जबड्यातील मागचे दात दोन्ही बाजूंनी गेलेले असून, दोघेही काढता-घालता येणारी अर्धी कवळी वापरतो. फरक इतकाच, की माझी कवळी आमच्या वरूड-मोर्शीकडच्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने करवून घेतली आणि त्यांची संगणकावर बेतली गेली. हा ‘इतकाच’ व्याह्यांना मान्य नाही.

जुन्या पद्धतीत प्रथम माप घेतात. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवून तो थंडगार लगदा डॉक्टरांनी माझ्या तोंडात बसवला, ‘नाकानं श्वास घ्या जी गुरुजी’ असे बजावले आणि सकाळचे तर्री-पोहे घशाशी येत असताना संत्र्याच्या आंबिया बहाराला यंदा काय भाव मिळाला, अशी चौकशी केली. तोंडात लगदा असलेल्यालाच प्रश्न विचारण्याचे शिक्षण दंतवैद्यांना बहुधा पहिल्याच वर्षी मिळत असावे. हे माप वाळले की आकसते. म्हणून त्यात लगोलग प्लॅस्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करावी लागते. माझी प्रतिकृती पार्सलने अमरावतीच्या लॅबकडे निघाली आणि खड्ड्यांच्या कृपेने तिचा एक दात वाटेतच मोडला. पुन्हा लगदा, पुन्हा पोहे, पुन्हा आंबिया बहार.

पुढचे काम मात्र पाहण्यासारखे असते. प्रतिकृतीवर मेणाचा सांगाडा घडवून त्याला उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचे आवरण देतात, भट्टीत मेण वितळून गेले की उरलेल्या पोकळीत कोबाल्ट-क्रोमियमचा रस सोडतात. बस्तरचे ढोकरा कारागीर पितळी मूर्ती याच युक्तीने ओततात. धातू निवताना सुमारे २ टक्के आकसतो आणि ती तूट भरून निघावी म्हणून आवरण तेवढे फुगेल, अशी तजवीज आधीच केलेली असते.

व्याह्यांच्या तोंडात यांपैकी काहीच गेले नाही. कॅमेऱ्याची कांडी दातांवरून फिरली, जबडा पडद्यावर उमटला, सांगाडा तेथेच आखला गेला आणि धातूच्या भुकटीचे केसाहून पातळ थर लेझरने एकावर एक वितळवत तो तयार झाला. त्यावर गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणि दात बसवायला शेवटी माणसाचाच हात लागला, हे ते सांगत नाहीत. नातवाच्या बारशाला मात्र त्यांनी मोबाइलमध्ये बाळाच्या फोटोंच्या मधोमध स्वतःचा जबडा सर्वांना दाखवला. ‘हरवली तरी फाईल आहे’, हे त्यांचे पालुपद. खरे सांगायचे तर या एका मुद्द्यावर मला त्यांचा हेवा वाटतो, कारण माझी हरवली तर पुन्हा लगदा आहे.

मग ते हुरड्याला आले. गरम हुरडा आणि तिळाची चटणी यांच्यापुढे दोन्ही तंत्रज्ञाने सारखीच ठरली. तीळ दोघांच्याही कवळीखाली शिरले आणि आम्ही दोघे मंडळींकडे पाठ करून मोटारपंपाच्या धारेखाली उभे राहिलो. परंतु व्याह्यांच्या हिरडीला एका जागी लाल व्रण पडलेला दिसला. कांडीला हिरडी दिसते ती निवांत बसलेली. मागे टेकू देणारा दातच नसेल तर घास चावताना ती किती दबते, हे नुसत्या कॅमेऱ्याला उमगत नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगाडा आल्यावर त्या भागाचे, हिरडीवर दाब देऊन, वेगळे माप घेतले होते. (अर्थात तेव्हाही भाव विचारला होताच.)

दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी निळा कागद चाववला, डाग पाहिले, हातातल्या मशीनने कवळी खालून थोडी घासली आणि म्हणाले, ‘घ्या, आता भाकर खा जी.’ व्याह्यांनी त्या दुपारी ठेच्यासह दोन भाकरी खाल्ल्या. लेकीला यातले काही कळू देऊ नका, असे त्यांनी मला निक्षून सांगितले आहे. सुनबाईंना मी एक शब्दही सांगितलेला नाही. येथे फक्त लिहिले आहे.