सुई, गाठ आणि मावशीचा फॉरवर्ड

मावशीनं स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीची, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासायची, तारीख चुकवली. का म्हणून विचारलं, तर तिनं फोनच पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज, खाली 'जास्तीत जास्त भगिनींना पाठवा'. सार असं: स्तनातल्या गाठीला सुई लावली की ती फुटते आणि कॅन्सर अंगभर पसरतो, घराण्यात कुणाला नसेल तर भ्यायचं कारण नाही, जीन टेस्ट म्हणजे कंपन्यांचा धंदा, आणि एकदा दवाखान्याची पायरी चढलात की केमो ठरलेलीच.

गाठ फुटायला ते काय पिकलेलं गळू आहे? सुईच्या वाटेवर कधीकधी चार पेशी सांडलेल्या सापडतात, हे मान्य. पण त्यामुळे कॅन्सर दूरवर पसरल्याचं दिसलेलं नाही. पसरायचं तर पेशीला आजूबाजूचं पोखरावं लागतं, रक्तात शिरून तग धरावा लागतो, परक्या जागी रुजावं लागतं. हे तिला जमणार की नाही, ते तिच्या आत कोणती जनुकं जोरात चालली आहेत त्यावर असतं. सुईवर नाही.

आणि ती जनुकं मोजता येतात. गाठीचा तुकडा, बायोप्सीचा असो की ऑपरेशनचा, मेणात बसवून ठेवतात. लॅबवाले त्याला ब्लॉक म्हणतात. ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी त्या ब्लॉकमधून २१ जनुकं बघते, १६ कॅन्सरची आणि ५ तुलनेपुरती. केआय-६७ वरून पेशी किती झपाट्यानं वाढताहेत ते कळतं. स्ट्रोमेलायसिन-३ आणि कॅथेप्सिन-एल२ ही तर पोखरणाऱ्या एन्झाइमांचीच जनुकं. सगळ्यांचा मिळून ० ते १०० मधला एक आकडा, म्हणजे स्कोअर येतो; तो जितका जास्त, तितका आजार परतायचा धोका जास्त.

'केमो ठरलेलीच' म्हणणाऱ्यांसाठी हा आकडाच उत्तर आहे. याच तपासणीवरचा टेलरएक्स अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे पेशी वाढवणारं प्रथिन जादा नसलेला), काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेला कॅन्सर आणि ११ ते २५ स्कोअर, अशा ६,७११ बायका. निम्म्यांना नुसत्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, निम्म्यांना सोबत केमो. नऊ वर्षांनी आजाराविना असलेल्या अनुक्रमे ८३.३ टक्के आणि ८४.३ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. पन्नाशीपर्यंतच्या, १६ ते २५ स्कोअर असलेल्यांना केमोचा थोडा फायदा दिसला, तेही अभ्यासात लिहिलंय. मावशी बासष्टची आहे.

घराण्याचं म्हणाल तर आईवडिलांकडून आलेला बीआरसीएसारख्या जनुकातला दोष साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत सापडतो. बाकीच्यांच्या घराण्यात काय होतं? शिवाय तो दोष रक्तातून तपासतात; वर सांगितलेली तपासणी गाठीची. मेसेजवाल्यानं दोन्हींची खिचडी केलीय.

धंदा? बरं, तपासणी महाग आहे, लाखांत जाते, आणि कॅन्सर हर-२ पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन आणि हर-२, तिन्ही नसलेला) असेल तर तिचा उपयोग नाही. बंगळुरूत पाच प्रथिनं बघणारी कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही तशीच तपासणी निघाली आहे, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पण यातली कुठली लागेल का, हे ठरवायलाही आधी तुकडा हवा. म्हणजे केमोच्या भीतीनं सुई टाळायची, आणि केमो टाळायचा रस्ता सुईतूनच जातो!

हे सगळं मावशीला सांगितलं. "मग मंडळातल्या बायका खोटं बोलतात का गं?" म्हणाली. खोटं नाही बोलत, नुसतं पुढे पाठवतात. मंगळवारची तारीख घेतलीय. तोवर तो ग्रुप मी म्यूट केलाय.