मध्यम विमानकंपनीत पायलट होऊ पाहणाऱ्यांस

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स होते, डोळे ठीक आहेत आणि घरच्यांच्या नावावर गहाण टाकता येईल अशी थोडी जमीन आहे. एवढं असेल तर तुमची पात्रता पूर्ण झाली. आता प्रश्न उरतो कुठल्या कंपनीत जायचं एवढाच. अगदी मोठ्या कंपनीकडे सगळेच धावतात, आणि अगदी छोटी कंपनी कुठल्या विमानतळावर दिसते तेही ठाऊक नसतं. तेव्हा माझं ऐकाल तर मध्यम कंपनी गाठा. वीस-तीस विमानं, ताजा रंग, तरतरीत गणवेश, आणि मुलाखतीत 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं सांगणारा एचआर. कुटुंब म्हटल्यावर पगाराच्या तारखेविषयी विचारणं बरं दिसत नाही, हे तुमच्याही लक्षात येईल.

नोकरी मिळेल का, ही चिंता सोडून द्या. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० पायलट लागतील, असं खुद्द नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं आहे. आता २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, १,६२२ कमर्शियल लायसन्स दिली, तो तोवरचा उच्चांक होता, आणि त्यातले बरेच जण अजून पहिल्या नोकरीच्या शोधात आहेत, असले तपशील कोणी काढलेच तर त्याला निराशावादी म्हणावं. टंचाई आहेच. फक्त ती कॅप्टनांची आहे. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला उड्डाणाचे १,५०० तास लागतात, आणि ते तास मिळवायला आधी नोकरी लागते. टंचाई त्यांच्यासाठी आणि टंचाईची जाहिरात तुमच्यासाठी, अशी ही विभागणी आहे.

खर्चाचं म्हणाल तर तो एकदाच करायचा असतो, असं म्हणत तीनदा करायचा असतो. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. ते बारामतीला करा, गोंदियाला करा नाहीतर दक्षिण आफ्रिकेत करा, पन्नास लाखांच्या आसपास जातात. मग टाइप रेटिंग, म्हणजे एका जातीचं विमान चालवण्याची परवानगी, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. इथे मध्यम कंपनीचा खास फायदा असा की तिच्याकडे जेट विमानं बहुधा एकाच जातीची असतात. तुम्ही एअरबस ३२० चं रेटिंग करून बसलात आणि भरती बोइंग ७३७ वाल्याने काढली, तर निदान गोंधळ तरी होत नाही. सरळ पुन्हा पैसे भरायचे.

कंपनी किती वर्षं टिकेल याची फार चौकशी करू नका. किंगफिशर २००५ मध्ये उडाली आणि २०१२ मध्ये बसली. गोएअर त्याच २००५ ची, मधल्या काळात नाव बदलून गो फर्स्ट झाली आणि मे २०२३ मध्ये थांबली. विस्तारा जानेवारी २०१५ ची, नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विरघळली. कर्जाची मुदत या आकड्यांशेजारी ठेवून बघायचा मोह होतो. ठेवू नये, झोप जाते. आपल्याकडे मध्यम असणं ही कंपनीची कायमची प्रकृती नव्हे, ती मधली अवस्था आहे. कंपनी तिथून वर जाते, कोणाच्या तरी पोटात जाते किंवा दिवाळखोरी न्यायाधिकरणात जाते. तुम्ही कुठे जाता ते सीनियॉरिटी लिस्टवर, म्हणजे पायलटांच्या ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतं. विलीनीकरण झालं की ती यादी दुसऱ्या एका यादीत मिसळतात. मिसळताना तुमचा नंबर वर सरकल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही, पण तुमच्या बाबतीत चमत्कार होऊ शकतो.

मुलाखतीला जाण्याआधी कंपनीने किती विमानं मागवली आहेत हा आकडा पाठ करून जा. उभी किती आणि उडतात किती, हे मात्र विचारायचं नाही. गो फर्स्टने १४४ एअरबस निओ विमानं मागवली होती. आलेल्यांपैकी जवळपास निम्मी इंजिनांवाचून जमिनीवर होती, आणि कंपनीने सगळा दोष इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीवर ठेवला. अकासा या दुसऱ्या विमानकंपनीची बोइंगकडे २२६ मॅक्स विमानांची ऑर्डर आहे. पण २०२४ च्या सप्टेंबरात तिकडे सिअ‍ॅटलच्या बाजूला बोइंगचे कामगार संपावर गेले, सात आठवडे कारखाना थंड राहिला, आणि त्याचा हिशेब इकडे अंधेरीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नव्या को-पायलटाला द्यावा लागतो. ऑर्डरच्या हिशेबाने भरती, प्रत्यक्ष विमानांच्या हिशेबाने उड्डाणं. मधल्या फरकाला बेंच म्हणतात. बेंचवर बसलेला पायलट इस्त्रीचा गणवेश कपाटाला टांगतो, दर रात्री रोस्टरचं, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप उघडतो आणि 'स्टँडबाय' एवढाच शब्द वाचून बंद करतो. पगार तासांवर असतो, हे कर्ज देणाऱ्या बँकेला तोवर कोणी सांगितलेलं नसतं. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराचे पायलट एकदम आजारी पडले ते याच कारणाने. हमीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर आले होते. साथ अशी पसरली की कंपनीला रोजची उड्डाणंच कमी करावी लागली.

उडायला लागलात की मजा आहे. पहाटे पावणेतीनला सोसायटीच्या गेटवर गाडी येते. वॉचमन खुर्चीतून न उठता 'साहेब, आज कुठे?' विचारतो. तुम्ही 'पाटणा' म्हणता आणि त्याच्या चेहऱ्यावरची निराशा बघता. त्याच्या मनात दुबई असते. विमानतळावर पोचल्यावर आधी नळीत फुंकायचं. उड्डाणाआधी बारा तास दारू नाही हे ठीकच, पण माउथवॉशही चालत नाही, आणि अल्कोहोल असलेली औषधंही नाहीत. म्हणजे आजीने खोकल्यावर दिलेलं द्राक्षासवही बाद. आजीला हे समजावणं टाइप रेटिंगपेक्षा अवघड आहे.

विश्रांतीची काळजी सरकार घेतं. नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, मध्यरात्र ते पहाटे सहा ही रात्र धरली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणली. नियम जानेवारी २०२४ चे. पूर्ण लागू होता होता २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक बॅगांवर डोकं ठेवून विमानतळावर झोपले आणि कंपनीला नियमातून तात्पुरती सवलत मिळाली. पायलटांनी झोपायचं की प्रवाशांनी, असा तो तिढा होता; तेव्हापुरतं प्रवाशांच्या सोयीसाठी पायलटांनी जागावं असं ठरलं. तुमच्या मध्यम कंपनीला असली सवलत मिळेल की नाही सांगता येत नाही. सवलत मिळण्यासाठी आधी देशाचे हाल करण्याची ताकद लागते, आणि ती बाजारातला साठ टक्क्यांहून मोठा वाटा असल्याशिवाय येत नाही.

नोकरी सोडायचा विचार मनात आलाच तर नियम असा, की को-पायलटने सहा महिन्यांची आणि कॅप्टनने बारा महिन्यांची नोटीस द्यायची. २०२३ मध्ये अकासाचे ४३ पायलट नोटीस न भरता निघून गेले, तर कंपनी कोर्टात गेली. शिस्त हवीच. कंपनी स्वतः बंद पडते तेव्हाची नोटीस थोडी आटोपशीर असते. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला सांगितलं आणि त्याच रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. गो फर्स्टने २ मेला सांगितलं, ३ मेपासून उड्डाणं बंद. त्यातही गंमत पुढे आहे. बंद पडल्यावर गो फर्स्टने उरलेल्या पायलटांना थांबण्यासाठी जादा भत्ता देऊ केला, कॅप्टनला महिना एक लाख आणि को-पायलटला पन्नास हजार. विमानं उडत असताना असं प्रेम क्वचितच बघायला मिळतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून पगाराच्या स्लिपा एका फायलीत लावत चला. कंपनी दिवाळखोरीत गेली की कर्मचाऱ्यांनी थकबाकीचा दावा फॉर्म डी मध्ये भरायचा असतो, आणि तिथे स्लिपा मागतात. फॉर्म भरल्यावर फक्त धीर धरायचा. जेट २०१९ मध्ये थांबली, २०२१ मध्ये तिला पुन्हा उडवण्याची योजना मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून विल्हेवाट लावायला सांगितलं. तोवर तिचे को-पायलट इतरत्र कॅप्टनही होऊन गेले असतील. म्हणजे बघा, करिअर कुठे थांबलं?

राहता राहिला जामीनदार. कर्जाला एक लागतो, आणि कंपनीने अमुक वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड घेतला तर त्याला आणखी एक. बाबांची सही कर्जात जाते, म्हणून बॉण्डसाठी काकांना गाठावं लागतं. काका साध्या नोकरीत असतील तर हरकत नाही, त्यांना विमानाचं कौतुक असतं, लगेच सही करतात. पण काका गावाकडच्या साखर कारखान्याचे माजी संचालक असतील तर जपून. थकलेले पगार, गहाण पडलेली यंत्रं, बँकेच्या नोटिसा आणि 'पुढच्या हंगामात सगळं सुरळीत होईल' हे वाक्य, यांतलं त्यांना एमबीए झालेल्या एचआरपेक्षा जास्त कळतं. त्यांच्यासमोर कंपनीचा ताळेबंद अजिबात काढू नका. गणवेशातला फोटो दाखवा, आणि काकूंना आधी दाखवा.