भिंती वाकड्या असतात, कपाटे नसतात

सुट्या फळ्यांच्या रूपात खोक्यांतून येणारे आणि घरी जोडून बसवायचे मॉड्युलर किचन सुताराकडून करून घेतलेल्या कामापेक्षा स्वस्त का पडते, याचे उत्तर देताना बहुतेक लोक फळीच्या दर्जाकडे किंवा कारखान्यातल्या मोठ्या उत्पादनाकडे बोट दाखवतात. ती कारणे खरी आहेत, पण माझ्या मते बचतीचा एक मोठा वाटा वेगळाच आहे. सुतार घरी येऊन काम करतो तेव्हा भिंत वाकडी असेल तर फळीही तिच्या कलाने कापतो आणि त्या कौशल्याची मजुरी आपण देतो. कारखान्यातून येणारे कपाट मात्र काटकोनातच येते. खोली काटकोनात आहे का हे तपासण्याचे आणि नसेल तर त्यावर तोड काढण्याचे काम किमतीतून वजा करून आपल्याकडे सोपवलेले असते, आणि याची वाच्यता माहितीपत्रकात कुठेच नसते. हे काम ऑर्डर देण्यापूर्वी केले तर कागद, पेन्सिल आणि टेपवर भागते; नंतर करायचे तर करवत हाती घ्यावी लागते.

मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी जे स्वयंपाकघर आखले, त्याला आजच्या बसवलेल्या स्वयंपाकघरांचे मूळ मानतात. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब अशा त्या खोलीत हालचाल कमीत कमी व्हावी म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली होती, आणि अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बांधली गेली. त्या योजनेचे कौतुक करताना एक बाब सहसा सुटते. तिथे खोली आणि कपाटे एकाच आराखड्यातून जन्माला आली होती. आपल्याकडे मात्र खोली कोणी तरी, कधी तरी, ओळंबा लावून किंवा न लावता बांधलेली असते, आणि कपाटे तिची तोंडओळखही नसलेल्या कारखान्यातून येतात. या दोहोंचा मेळ घालणारी व्यक्ती म्हणजे हातात मोजपट्टी घेतलेले आपण.

म्हणून मोजणीविषयी मी जरा विस्ताराने लिहितो. भिंतीची लांबी एकदा, तीही जमिनीलगत मोजून कागदावर मांडली की काम झाले, असा समज असतो. वस्तुतः प्रत्येक भिंत जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर अशी तीन ठिकाणी मोजावी लागते, आणि तिन्ही आकड्यांत जो सर्वांत लहान असेल तोच खरा धरावा लागतो. कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी एका भिंतीवर 60 सेंटिमीटरची आणि दुसऱ्या भिंतीवर 80 सेंटिमीटरची खूण करावी. दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर 100 सेंटिमीटर भरले तर कोपरा गुण्यात आहे. अंतर जास्त भरले तर भिंती फाकलेल्या आहेत, कमी भरले तर त्या आत झुकलेल्या आहेत. नळ, सांडपाण्याची नळी, वीजजोडण्या, खिडकीची खालची कड आणि दार उघडल्यावर त्याने व्यापलेली जागा या सगळ्यांची अंतरे एकाच कोपऱ्यापासून मोजून लिहावीत, कारण दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांपासून घेतलेली मापे एकमेकांशी जुळत नाहीत. भिंतीला टाइल्स लागायच्या असतील तर टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून प्रत्येक बाजूने सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त जागा खातात, हेही त्याच वेळी हिशेबात धरावे.

एवढे झाल्यावर मोह होतो तो प्रत्येक सेंटिमीटर कपाटाने भरून टाकण्याचा. भिंत 302 सेंटिमीटर भरली, कपाटांची बेरीज 300 होते, म्हणजे उत्तम जमले, असे वाटते, आणि विक्रेत्यांच्या संगणकावरचे आराखड्याचे प्रोग्रॅमही अनेकदा असा आराखडा विनातक्रार स्वीकारतात, कारण त्यांच्या जगात भिंती सरळच असतात. मी असा आराखडा कधीही मान्य करणार नाही. दोन्ही भिंतींमध्ये अडकलेल्या रांगेत प्रत्येक टोकाला तीन ते पाच सेंटिमीटर मोकळे सोडून तिथे फिलर पट्टी लावावी. ती पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे कापता येते, कपाट कापता येत नाही. शिवाय भिंतीला अगदी खेटून असलेल्या कपाटाचे दार काटकोनापलीकडे उघडत नाही, मुठीचा भिंतीवर आघात होतो आणि आतले ड्रॉवर अर्ध्या उघडलेल्या दाराला घासतात. आतल्या कोपऱ्यात ही पट्टी दोन्ही बाजूंना हवी, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या मुठीवर जाऊन अडतो. फिलरला वाया गेलेली जागा समजणारे लोक भेटतात. शर्टाच्या शिवणीत सोडलेल्या कापडाला ते काय म्हणतात, हे मला त्यांना विचारावेसे वाटते.

आडव्या मापांइतकेच कपाटांच्या खोलीकडे, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाकडेही पाहायला हवे. खालच्या कपाटांची खोली साधारण 60 सेंटिमीटरच्या आसपास असते, पण काही पद्धतींत मागची फळी थोडी पुढे घेऊन नळ्यांसाठी पोकळी सोडलेली असते, तर काहींत ती थेट भिंतीला टेकते. तुमच्या नळ्या भिंतीच्या बाहेरून जात असतील आणि कपाटे दुसऱ्या प्रकारची असतील, तर प्रत्येक कपाटाची पाठ कापावी लागेल किंवा सगळी रांग पुढे घेऊन जास्त रुंद ओटा मागवावा लागेल. हा प्रश्न ऑर्डरपूर्वी विचारला तर त्याचे उत्तर एका वाक्यात मिळते.

गॅस, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज चार ते आठ मीटरच्या दरम्यान असावी असे सांगतात. नियम वाईट नाही. तरी सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये ओट्याचा सलग मोकळा भाग किती उरतो, याला मी अधिक महत्त्व देईन, कारण उभे राहून होणारे बहुतेक काम तिथेच चालते. खाली शक्य तिथे दाराच्या कपाटाऐवजी ड्रॉवरच घ्यावेत. ते महाग पडतात हे मान्य आहे. पण गुडघे टेकून कपाटाच्या तळाशी हात घालण्याची कसरत ज्यांनी वर्षानुवर्षे केली आहे, त्यांना मला हे पटवून द्यावे लागणार नाही.

खरेदी करताना दिखाऊ शटरपेक्षा, म्हणजे कपाटाच्या दारांपेक्षा, सांगाड्याची चौकशी आधी करावी. कपाटाच्या आतल्या बाजूंना पाच मिलिमीटर व्यासाची छिद्रे 32 मिलिमीटर अंतराने ओळीत पाडलेली असतील आणि बिजागरीचा खळगा 35 मिलिमीटरचा असेल, तर ते सर्वत्र रूढ असलेल्या मापांचे आहे. दहा वर्षांनी एखादी बिजागरी तुटली आणि मूळ कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असले, तरी दुसऱ्या कंपनीची बिजागरी तिथे बसण्याची बरीच शक्यता असते. फळी बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेली असते आणि तिची जाडी 16 किंवा 18 मिलिमीटर असते. पार्टिकल बोर्डला सरसकट नावे ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. कोरड्या जागी आणि नीट बंद केलेल्या कडांसह तो उत्तम टिकतो. त्याचा शत्रू पाणी, आणि पाणी शिरते ते उघड्या कडेतून. सिंकसाठी ओट्याला किंवा नळीसाठी पाठीला जे भोक कापले जाते, त्याची कच्ची कड सिलिकॉनने किंवा वॉर्निशने बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे पाच मिनिटांचे काम वगळल्यामुळे फुगलेले ओटे पाहिले की वाईट वाटते.

ऑर्डरची यादी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. सांगाडा, शटर, बिजागऱ्या, ड्रॉवर, पाय, मुठी, वरची कपाटे टांगायची भिंतीवरची लोखंडी पट्टी, रांगेच्या टोकाचे बाजूचे पॅनेल, पाय झाकणारी खालची स्कर्टिंग आणि फिलर हे सगळे अनेकदा सुटे विकले जाते. चित्रात दिसते ते सगळे यादीत असेलच असे नाही, आणि सर्वाधिक विसरले जातात ते पाय आणि बाजूचे पॅनेल. माल आल्यावर प्रत्येक खोके यादीशी ताडून पाहावे, शटरच्या कडा व कोपरे उजेडात तपासावेत, आणि हे सगळे पूर्ण होईपर्यंत जुने स्वयंपाकघर तोडायला कोणालाही बोलावू नये. एका ड्रॉवरची चॅनेल आली नाही म्हणून घरातला स्वयंपाक बंद पडणे ही टाळता येणारी आपत्ती आहे.

कपाटे जोडण्याचे काम कोणीही धीराने करू शकते, असे माझे ठाम मत आहे. लाकडी खुंट्या आणि फिरवून आवळायचे कॅम यांच्या साहाय्याने फळ्या जुळतात. मागची फळी पक्की करण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत ना हे पाहावे, कारण कपाटाला काटकोनात धरून ठेवते ती हीच पातळ फळी. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू जास्त आवळला की आटे कायमचे सुटतात, त्यामुळे शेवटचा फेरा मशीनने न देता हाताने द्यावा. बसवताना जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधून उंची तिथून ठरवावी. पाय फिरवून कपाट वर उचलता येते, जमिनीत खाली ढकलता येत नाही. सुरुवात कोपऱ्यापासून करावी, शेजारची कपाटे क्लॅम्पने धरून एकमेकांना जोडावीत आणि मगच रांग भिंतीला बांधावी.

भिंत कशाची आहे हे वरच्या कपाटांच्या बाबतीत निर्णायक ठरते. भरीव वीट, पोकळ ब्लॉक आणि जिप्समचे पार्टिशन यांना स्क्रू धरून ठेवणारे वेगवेगळे प्लग लागतात, आणि खोक्यातून आलेले स्क्रू तुमच्या भिंतीसाठी योग्य असतीलच असे नाही. अनेक कंपन्या ते देतही नाहीत. दगडी ओट्याचे माप खालची कपाटे पक्की झाल्यावरच घ्यायला सांगावे. गॅस आणि वीज यांची जोडणी परवानाधारक माणसाकडे सोपवावी, आणि लॅमिनेट ओट्याचा कोपऱ्यातला सांधाही, कारण तो राउटरने, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्राने, एकदा चुकीचा कापला की अख्खी फळी बाद होते.

शटर सर्वांत शेवटी लावावेत. बिजागरीवरचे स्क्रू शटरला बाजूला, मागे-पुढे आणि वर-खाली सरकवतात, आणि त्यामुळे दोन शटरमधली फट एकसारखी करता येते. मात्र सांगाडाच पातळीत नसेल तर त्याची भरपाई बिजागरीने करू पाहू नये. कपाटे भरल्यावर काही आठवड्यांत ती थोडी बसतात, तेव्हा एकदा पुन्हा सगळे स्क्रू पाहावे लागतात. खालची स्कर्टिंग मात्र कितीही नीटस दिसली तरी जमिनीला सिलिकॉनने चिकटवू नये. ती क्लिपवरच राहू द्यावी, म्हणजे सिंकखाली गळती झाली तर हाताने काढून आत पाहता येते.