बाळाच्या टाळूवर निलगिरी? मावशी, तो मेसेज आधी डिलीट कर

परवा कोथरूडला ताईकडे गेले तर दारातच निलगिरीचा भपकारा आला. आत वाटीत खोबरेल, शेजारी निलगिरीची बाटली उघडी, आणि ताई सात महिन्यांच्या भाचीला मांडीवर घेऊन टाळू भरायच्या तयारीत. का तर पोरीला सर्दी झालीये आणि मावशीने ग्रुपवर मेसेज टाकलाय, खाली 'करून बघ गं, गुण येतो' असं लिहून. मेसेज तुमच्याकडेही आला असेल: निलगिरी, कापूर, पुदिन्याचं तेल एकत्र करा, बाळाच्या टाळूला आणि नाकाखाली लावा, मोठ्यांनी दोन थेंब कोमट पाण्यातून प्या, ऑक्सिजन वाढतो, आयुर्वेदात 5000 वर्षांपासून आहे, नैसर्गिक म्हणून साइड इफेक्ट शून्य.

आधी बाळाचं, कारण माझा जीव तिथेच वरखाली झाला. टाळू भरायला आपण वापरतो ते खोबरेल, आणि निलगिरीचं 'तेल' हे तसलं तेलच नाही, ढीगभर पानं वाफेवर ठेवून काढलेला तो कडक अर्क आहे. बाळाची कातडी पातळ, त्यातून ते आत जातं. नाकाखाली पुदिना किंवा कापूर लावला तर तान्ह्या बाळाचा घसा आवळून श्वास अडकू शकतो. आणि पोटात गेलं तर एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, एवढ्यानेही लहान मूल गुंगीत जाऊ शकतं, झटके येऊ शकतात. ताईच्या त्या बाटलीवर बारीक अक्षरात 'फक्त बाह्य वापरासाठी' छापलंय, मी तिला दिव्याखाली धरून वाचायला लावलं.

मोठ्यांना तरी चालतं असं मावशीचं म्हणणं. नाही चालत. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या हॉस्पिटलांमध्ये चार वर्षं झटके आलेल्या मोठ्या माणसांची माहिती गोळा केली, ते 2021 मध्ये 'एपिलेप्सी रिसर्च'मध्ये छापून आलं. 350 पेशंटपैकी 55 जणांच्या झटक्यांचा संबंध या तेलांशी निघाला, मुख्यतः निलगिरी आणि कापूर असलेल्या गोष्टींशी, आणि त्यातल्या 22 जणांना आधी फिट येण्याचा त्रासच नव्हता. प्यायलेलं, चोळलेलं, हुंगलेलं, सगळे प्रकार त्यात आले. मग घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर या बाटल्या त्या माणसाजवळ नकोतच, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये का लिहीत नाहीत?

ऑक्सिजनचा दावा तर 2021 च्या कोरोनाच्या लाटेतही फिरत होता, कापूर-ओव्याच्या पुरचुंडीबरोबर. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे नाकातल्या थंडी कळणाऱ्या नसा चाळवतात म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आतली वाट तेवढीच राहते. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. दम लागलेला माणूस पुरचुंडी हुंगत घरी बसला तर डॉक्टरकडे जायची वेळ निघून जाते.

आणि निलगिरी 5000 वर्षांपासून आयुर्वेदात? अहो, हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात निलगिरीच्या डोंगरांवर आणून लावलं, म्हणून तर आपण त्याला निलगिरी म्हणतो. कापूर, ओवा, लवंग जुने आहेत, ते मान्य. दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरतात, त्याने खरंच बधिर होतं, कारण त्यातलं युजेनॉल, दाताचे डॉक्टरही ते वापरतात. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून मोठ्या माणसाने वास घेतला तर बरं वाटतं, तेही खरं. माझी आजीसुद्धा तसंच करायची, पण पातेल्यात वाफ घेताना तिने कधी अख्खी बाटली ओतली नाही आणि आम्हा पोरांना कधी पाजली नाही.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असेल तर धोतराही नैसर्गिकच आहे. सांधेदुखीला चोळतात ते गंधपुऱ्याचं तेल घ्या, त्याच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या साधारण वीस गोळ्यांइतका मारा असतो.

भाचीची सर्दी मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी उतरतेय, डॉक्टरांनी तेवढंच दिलं. बाटली मी ताईकडून उचलून आणली. मावशी, तुझ्याकडची पण नातवाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेव. आणि कुणाच्या पोराने चुकून प्यायलीच तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, बाटली बरोबर घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.